कवट्या मोजण्यापलीकडे

गेल्या महिन्याच्या टपालात एका भगिनीचे पत्र होते. अक्षर मोत्यासारखे, पण मजकुरात काळजी ओतप्रोत. कन्या पदवीधर झाली आहे. पुढे मानवशास्त्र घेऊन एम. ए. करीन म्हणते. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "म्हणजे कवट्या मोजत बसायचे?" वडिलांनी विचारले, "आणि पोटापाण्याचे काय?" मुलीने दोघांनाही एकच उत्तर दिले, की मी उपयोजित मानवशास्त्र शिकणार आहे. त्यावर दोघेही गप्प झाले. समाधान झाले म्हणून नव्हे, शब्द कळला नाही म्हणून. तेव्हा हे 'उपयोजित' म्हणजे काय, ते करणाऱ्यांची काही मंडळे असतात काय आणि ती मंडळे करतात तरी काय, एवढे आपल्या सदरातून सांगावे, अशी त्या माउलीची विनंती आहे.

आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे. परंतु आम्हां बडोदेकरांच्या अंगणातच घडलेल्या एका गोष्टीशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. म्हणून लेखणी उचलली.

आधी आजोबांचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून इरावतीबाई कर्वे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. पण त्यांची खरी विद्या मानवशास्त्राची, आणि तिचा आरंभ खरोखरच कवट्यांपासून झाला. १९३० च्या सुमारास बर्लिन येथे त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता हा होता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे पुरस्कर्ते. युरोपीय माणसाच्या कवटीत काही वेगळेपण निघावे, ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक पुराव्याने दिसत नाही, असे सरळ लिहून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध! मोजपट्टी प्रामाणिक हातात असली तर ती काय करू शकते, हे आजोबांना एवढ्यावरून कळावे. पुढे १९३९ साली बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि कवट्यांपेक्षा माणसांच्या नातेसंबंधांकडे, विवाहसंबंधांकडे आणि आठवड्याच्या बाजारांकडे वळल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जे एक काम केले ते अगदी अस्सल 'उपयोजित' होते. पण त्याकडे जाण्यापूर्वी या शब्दाची फोड करावयास हवी.

माणसे कशी राहतात, काय खातात, कोणाशी सोयरीक करतात, कोणाच्या हातचे पाणी पितात, हे जाणणे म्हणजे मानवशास्त्र. आणि हे जाणलेले एखाद्या अडलेल्या कामाला लावणे म्हणजे उपयोजित मानवशास्त्र. अमेरिकेत या लोकांनी १९४१ साली आपली संस्था स्थापन केली. तिच्या नियतकालिकाचे नाव आरंभी नुसते 'अप्लाइड अँथ्रॉपॉलॉजी' होते. १९४९ मध्ये ते 'ह्यूमन ऑर्गनायझेशन' असे बदलले. तो काळ महायुद्धाचा. चांगले मांस सैन्याकडे जाई आणि घरोघर टंचाई. तेव्हा सरकारने खाण्याच्या सवयींचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली आणि तिच्या कार्यवाह म्हणून मार्गारेट मीड या मानवशास्त्रज्ञ बाईंना आणले. त्या समितीसाठी कुर्ट लेविन यांनी, जे खरे म्हणजे मानसशास्त्रज्ञ, एक प्रयोग केला. तो आमच्या वाचक भगिनींनी जरूर ऐकावा. गुर्दा, हृदय असे जनावराचे जे भाग अमेरिकन गृहिणी हलके समजून टाकून देत, ते त्यांनी शिजवावेत असा हेतू होता. (शाकाहारी घरांनी क्षणभर नाक मुरडून पुढे वाचावे.) काही गटांत तज्ज्ञांनी उत्तम व्याख्यान दिले, जीवनसत्त्वे सांगितली, पाककृती छापून वाटल्या. इतर गटांत बायकांना आपसांत बोलू दिले: घरचे काय म्हणतील, वास येतो त्याचे काय करावे, यजमान ताट सरकवतील की काय! शेवटी कोण करून पाहणार त्यांनी हात वर करावा, एवढेच विचारले. नंतर चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी तो पदार्थ केला होता. बोललेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. आमच्या घरात सासूबाईंनी दिलेल्या व्याख्यानांचे प्रमाणही याहून फारसे वेगळे नसावे!

ही संस्था राष्ट्रीय. तिचा पसारा मोठा. परंतु १९७० नंतर विद्यापीठाबाहेर, म्हणजे दवाखाने, सरकारी खाती, सेवासंस्था यांत काम करणारे मानवशास्त्रज्ञ वाढले आणि ज्याला त्याला आपल्या मुलखातले प्रश्न निराळे वाटू लागले. १९७६ मध्ये वॉशिंग्टन शहरी तेथील व्यावसायिकांनी आपले मंडळ काढले. १९८० च्या सुमारास कोलोरॅडो आणि भोवतालच्या राज्यांतील लोकांनी 'हाय प्लेन्स' म्हणजे उंच मैदानांच्या नावाने प्रादेशिक संस्था उभी केली. आमच्या मते त्या माउलीच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर या दुसऱ्या संस्थेत आहे. मोठ्या अधिवेशनात हजार माणसे भेटतात आणि कोणाचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. येथे वसंतात एक वार्षिक मेळावा, शरदात एक निवांत मुक्काम आणि आपले स्वतःचे नियतकालिक, एवढाच प्रपंच. शरदातला मुक्काम न्यू मेक्सिकोतील घोस्ट रँच या ठिकाणी होत आला आहे. नाव आपल्या भाषेत आणले तर 'भुताचा मळा' होईल. पण भुते नाहीत, तांबड्या कड्यांचे सुंदर रान आहे, आणि जॉर्जिया ओकीफ या प्रसिद्ध चित्रकर्तीने ते पुन्हा पुन्हा रंगविले आहे. तेथे प्राध्यापक, दवाखान्यात काम करणारे आणि नुकते पदवीला लागलेले विद्यार्थी एकाच पंगतीला बसतात. काम कोठे मिळेल, अहवाल कोणासाठी लिहावा, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांचे आपण काय देणे लागतो, असल्या गोष्टी तेथे निघतात. आपल्याकडच्या ज्ञातिसंमेलनात जसे विवाह जुळतात, तसे तेथे शिष्याला गुरू आणि गुरूला हाताखाली माणूस मिळतो म्हणा ना.

या संस्थेने आपल्या स्मृतिपुरस्काराला ज्यांचे नाव दिले, ते ओमर स्ट्यूअर्ट कोलोरॅडो विद्यापीठात शिकवीत. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या जमिनी गोऱ्यांनी घेतल्या, त्यांच्या भरपाईचे दावे ऐकण्यासाठी १९४६ मध्ये एक आयोग नेमला गेला. ही जमीन खरोखर अमक्या जमातीचीच होती, हे सिद्ध कसे करणार? सात-बाराचा उतारा तर नव्हता! तेथे मानवशास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या: कोण कोठे शिकार करी, कोण कोठे कंद खणी, कोणत्या झऱ्यावर कोणाचा तळ पडे. काही विद्वान सरकारच्या बाजूने उभे राहिले, काही जमातींच्या. स्ट्यूअर्ट जमातींच्या बाजूने उभे राहिले. शास्त्र कामाला लावावयाचे म्हटले की कोणाच्या कामाला, हा प्रश्न आलाच. तो टाळून उपयोजित होता येत नाही.

त्याच मैदानी प्रदेशाच्या उत्तरेस, नॉर्थ डाकोटात, मिसूरी नदीवर गॅरिसन नावाचे धरण झाले आणि १९५३ मध्ये त्यात पाणी अडले. मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमातींचे नदीकाठचे सुपीक खोरे त्यात गेले. सुमारे सव्वातीनशे कुटुंबे, म्हणजे तेथील वस्तीचा ८० टक्के भाग, वरच्या वाऱ्याच्या माळावर हलला. १९४८ साली करारावर सही होत असताना त्या जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चष्मा काढून, तोंडावर हात घेऊन रडत आहेत, असे एक छायाचित्र आहे. भोवती कोटटाय घातलेली मंडळी शांत उभी आहेत. ज्याने ते एकदा पाहिले तो विसरत नाही.

आणि नेमक्या त्याच दशकात आपल्या सह्याद्रीत कोयनेचे काम सुरू झाले. शिवाजीसागर भरला तेव्हा शंभराच्या आसपास गावे आणि तीस हजारांच्या घरात माणसे उठली. महाराष्ट्राला वीज मिळाली; मुंबईच्या गिरण्या आणि पुण्याचे कारखाने त्या विजेवर चालले; आमच्यापैकी अनेकांचे आप्तही त्याच उजेडात वाढले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी उठलेल्यांसाठी पुनर्वसनाचा कायदा नव्हता. तसा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला. देशात तो पहिलाच. कोयनेची माणसे तोपर्यंत केव्हाच पांगली होती. कोणी सोलापूर-सांगलीकडे उघड्या माळावर, कोणी ठाणे-कुलाब्याकडे खाऱ्या हवेत, तर कोणी गाव सोडवेना म्हणून पाण्याच्या वरच्या डोंगरउतारावरच चढून बसले.

या लोकांचे पुढे काय झाले, हे पाहावयास इरावतीबाई गेल्या. बरोबर कन्या जाई निंबकर. त्यांचा अहवाल १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. ज्या बाईंनी कवट्यांपासून आरंभ केला त्यांनी अखेरीस उठलेल्या चुली मोजल्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इंजिनियर विचारतो, घर केवढ्याचे? तलाठी विचारतो, गुंठे किती? मानवशास्त्रज्ञ विचारतो: तुमच्या लेकी कोणत्या गावी दिल्या आहेत, नांगरणीला बैल कोणाचा येतो, देवाचा मान कोणाकडे, आणि नव्या गावी मयत झाली तर खांदा कोण देईल? या प्रश्नांना भरपाईच्या तक्त्यात रकाना नसतो. वास्तविक माणूस जगतो तो त्यांच्याच आधारावर. पण आम्हांस त्या अहवालाविषयी एकच हळहळ वाटते, आणि ती बाईंविषयी नव्हे: तो पाणी चढल्यावर काही वर्षांनी झाला, आणि इंग्रजीत झाला. ज्यांच्याविषयी तो होता त्यांच्या हाती तो कसा पडावा? कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतर, २०१८ मध्येही, आपल्या उरलेल्या मागण्यांसाठी कोयनानगरला आंदोलनाला बसले होते. पहिल्या पिढीतल्या कित्येकांना आपल्यावर एक पुस्तक आहे, हेही ठाऊक नसेल.

आता आमच्या अंगणातली गोष्ट. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. सरदार सरोवरात २४५ गावे येणार होती: मध्य प्रदेशातील १९३, महाराष्ट्रातील ३३ आणि गुजरातेतील १९. परराज्यांतील विस्थापितांना आपल्या राज्यात राहावे की गुजरातेत यावे, याची निवड देण्यात आली. ज्याची बरीच जमीन जाईल अशा कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताखालची जमीन आणि सज्ञान पुत्राला स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा, अशा अटी घालण्यात आल्या. कोयनेच्या मानाने हे पाऊल खूपच पुढचे होते, यात शंका नाही. १९८३ मध्ये जागतिक बँकेने थेअर स्कडर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाला पाहणीसाठी पाठविले. आफ्रिकेत झांबेझी नदीवरील करिबा धरणाने उठविलेल्या टोंगा लोकांचा अभ्यास स्कडर यांनी एलिझाबेथ कोल्सन या विदुषींच्या सोबतीने १९५६ पासून चालविला होता. एकदा माहिती घेऊन निघून जाण्याऐवजी त्यांनी त्याच घरांत दशकानुदशके परत परत जाणे पत्करले. इकडे पुढे महाराष्ट्रातील गावांवर देखरेख ठेवण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, आणि गुजरातेतील गावांचे काम सुरतच्या सेंटर फॉर सोशल स्टडीजकडे आले. सुरतची ही संस्था १९६९ साली आय. पी. देसाई यांनी काढलेली. त्याआधी ते आमच्या बडोद्याच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत. म्हणजे प्रादेशिक संस्था म्हणजे काय, हे पाहण्यासाठी भुताच्या मळ्यापर्यंत जाण्याचे कारण नाही; सुरतेची गाडी पुरते.

अक्कलकुव्याच्या डोंगरातील मणिबेली हे महाराष्ट्राचे पहिले बुडालेले गाव. त्याची काही कुटुंबे वडोदरा जिल्ह्यातील परवेटा येथे आली. इतर गावांचीही अशीच विखुरली. नदीकाठचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. काही वर्षांपूर्वी डभोईकडील एका वसाहतीत जाण्याचा आम्हांस योग आला. तेथे एका म्हाताऱ्याने आमच्या बोलण्याचा हेल ओळखून एकदम मराठीत विचारले, "महाराष्ट्रातले का?" आम्ही म्हटले, "नाही बाबा, आम्ही इथलेच." तो हसला आणि म्हणाला, "मीबी आता इथलाच." घरात तो आपली भिली बोले, मराठी तो दोन इयत्ता शाळेत शिकला होता. त्याच्या मुलाची शाळा मध्येच सुटली, आणि नातू गुजराती शाळेत जातो. त्याची एक बहीण महाराष्ट्राच्या बाजूला राहिली, एक मेहुणा दुसऱ्याच तालुक्यातल्या वसाहतीत. जमीन बरी आहे म्हणाला. पाण्याची तक्रार होती, पण ती आमच्या सोसायटीतही आहे. मग बराच वेळ थांबून म्हणाला, "इकडं डोंगर नाही." याचा रकाना कोणत्या तक्त्यात घालावा?

आमचे पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेमागून आले; त्यांना जमिनी मिळाल्या, वाडे मिळाले, आणि परप्रांतात मराठी टिकविल्याचा अभिमान आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सभासंमेलनांतून मिरवीत आहोत. हा म्हाताराही महाराष्ट्राबाहेरचा महाराष्ट्रीयच. त्याचे नाव आमच्या कोणत्याही मंडळाच्या यादीत नाही. हे लिहिताना आम्हांस थोडी लाज वाटते, ती लपवीत नाही.

आता पुढचे संकल्प. त्या माउलीने मुलीच्या भवितव्याविषयी विचारले आहे, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो. २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जमीन घेण्याआधी तिचा माणसांवर काय परिणाम होईल, याचा अभ्यास त्याने सक्तीचा केला. अभ्यास सहा महिन्यांत पुरा व्हावा, जाहीर सुनावणी व्हावी, अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीला मिळावा. मग तो एका स्वतंत्र तज्ज्ञगटाने तपासावा आणि त्या गटात दोन बिनसरकारी समाजशास्त्रज्ञ असावेत. इरावतीबाईंच्या वेळी जे जे नव्हते, ते बहुतेक सारे कागदावर आले. तथापि २०१६ मध्ये गुजरातेने आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्त्या करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या अभ्यासातून सूट देण्याची वाट काढली. कामे रखडतात, हे त्यामागचे कारण. कामे रखडतात हे खरेच. पण न विचारता उठविलेली माणसे साठ वर्षे रखडतात, त्याची मोजदाद कोण करतो?

ते दोन समाजशास्त्रज्ञ कोठून यावयाचे, हा खरा प्रश्न. दिल्लीहून विमानाने आलेला विद्वान भिली जाणत नाही आणि सहा महिन्यांत ती शिकतही नाही. म्हणून सुरत, बडोदे, इंदूर, नंदुरबार या टापूत, हाय प्लेन्सवाल्यांसारखे एक लहानसे मंडळ असावे, असे आम्हांस मनापासून वाटते. वर्षातून दोनदा भेटावे, तेही हॉटेलात नव्हे, एखाद्या वसाहतीच्या शाळेत. पहिले काम म्हणून नवा अभ्यास काढूच नये. जुने अहवाल काढावेत, त्यांचा सार मराठी, गुजराती आणि हिंदीत करावा आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्यांच्या नातवंडांसमोर भिलीत वाचून दाखवावा. काय चुकले ते ती नातवंडे सांगतील. सरोवर २०१९ मध्ये पूर्ण पातळीपर्यंत भरले. म्हणजे पाण्याचा प्रश्न संपला, माणसांचा नव्याने सुरू झाला. स्कडर-कोल्सन यांच्याप्रमाणे त्याच घरांत दर पाच वर्षांनी जाणारे कोणी तरी येथे हवे. कोयनेच्या लोकांकडेही जावे. त्यांची तिसरी-चौथी पिढी आता कर्ती झाली आहे. याला पैसा फार लागत नाही. चिकाटी लागते, आणि ज्याला आपण प्रश्न विचारतो त्याच्या दारात उत्तर घेऊन परत जाण्याची लाज-शरम लागते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिलेच. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था १९४५ पासून आहे आणि तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. पुण्यास आणि गुजरातेत आदिवासी संशोधन संस्था आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या कामात, सेवाभावी संस्थांत आणि वर सांगितलेल्या परिणाम-अभ्यासांत या विद्येची माणसे लागतात. जागा थोड्या, उमेदवार बरेच आणि पगार संगणकवाल्यांच्या निम्मा, हेही लपविण्यात अर्थ नाही. मुलीने एखादी आदिवासी बोली चांगली शिकून घेतली तर तिची किंमत मात्र दुप्पट होईल, असा आमचा अदमास आहे.

आमचे एक स्नेही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या डभोईकडल्या वसाहतीत मुलांच्या अभ्यासासाठी जातात. गाडीत दोन जागा रिकाम्या असतात. मुलीने यावे, आजोबांची प्रकृती ठीक असेल तर त्यांनाही आणावे, तो म्हातारा आणि ते एकाच वयाचे निघतील. डबा घरचा आणावा, पाण्याची बाटली विसरू नये, आणि मोजपट्टी घरीच ठेवावी.